हात वाटीबाहेर

गो या खेळाच्या पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा असतात. त्या एकमेकींना छेदतात तिथे 361 जागा होतात. ना राजा, ना वजीर. सगळ्या सोंगट्या सारख्या. एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही, चारी बाजूंनी कोंडली गेली तरच उचलली जाते. इतक्या कमी नियमांच्या खेळात मन किती ठिकाणी घसरतं, हे खेळायला बसल्यावरच कळतं.

म्हणून नवख्याला एक सवय लावतात: चाल ठरेपर्यंत सोंगट्यांच्या वाटीत हात घालायचा नाही. बोटं वाटीत गेली की सोंगट्या खुळखुळू लागतात, एखादी हाताला लागते, आणि हाताला लागलेली सोंगटी ठेवून टाकायची घाई सुटते. मग विचार हातामागून फरफटत जातो. त्यापेक्षा हात मांडीवर ठेवावा. मी इथे, तो तिथे, मग मी पलीकडे, असं आधी डोळ्यांनीच खेळून घ्यावं. ठरलं, की तर्जनीच्या नखावर सोंगटी, वरून मधल्या बोटाचा दाब, आणि लाकडावर टक्.

एवढं जमलं तरी खरी कसोटी पुढेच असते. आपल्याला वाटतं, एकाग्रता म्हणजे नजर एका जागी रोवणं. गोमध्ये तीच घात करते. कोपऱ्यात झटापट सुरू झाली, की प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीला उत्तर द्यावंसं वाटतं. रस्त्यात भांडण जुंपलं की बघ्यांना खिशाचं भान राहत नाही, तसं होतं. कोपरा जिंकेपर्यंत उरलेला पट दुसऱ्याचा झालेला असतो. जपानी खेळाडू अशा वेळी चालू झटापट तिथेच सोडून दुसरीकडे खेळतात. त्याला ते ‘तेनुकी’ म्हणतात. सुटायला आलेला हात आवरणं सोपं. गुंतलेली नजर सोडवून घेणं अवघड.

1846 मध्ये शुसाकू हा सतरा वर्षांचा जपानी खेळाडू गोच्या इनोउए घराण्याच्या प्रमुखाशी, गेन्नान इन्सेकीशी खेळत होता. सुरुवातीच्या कोपऱ्यातच तो मागे पडला होता. 127वी चाल त्याने मध्याच्या बाजूला केली. त्या एका सोंगटीने खालच्या अशक्त सोंगट्यांना आधार दिला, वरचा पसारा वाढवला, शिवाय पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गेन्नानचा जोरही कमी केला. खेळ पाहणारा एक वैद्य म्हणाला, गेन्नान हरणार. त्याचे कान लाल झालेत. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि डाव त्या लाल कानांवरूनच ओळखला जातो. मला मात्र त्या कानांपेक्षा ती सोंगटी भावते. मागे पडलेल्या पोराने कोपऱ्याची हळहळ कोपऱ्यातच ठेवून सगळा पट पाहिला. डावही त्यानेच जिंकला.

रोजचा सराव बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल. सोंगट्यांच्या जगण्या-मरण्याची लहान लहान कोडी असतात. ती पटाला हात न लावता सोडवायची. उत्तर मिळालंसं वाटलं, की प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने सगळ्यात चिवट चाल शोधायची. आपल्या सोयीची चाल त्याच्या माथी मारायची नाही. आपल्या आशेवर पहारा ठेवायला याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

डाव संपला की दोघं तो पहिल्यापासून पुन्हा मांडतात. मुरलेले खेळाडू शेकडो चाली सहज मांडतात, आणि त्यात पाठांतराचा भाग थोडाच. विचार करून ठेवलेली सोंगटी आपल्या कारणासकट आठवते. नुसत्या घाईने ठेवलेली कुठे होती, ते समोरच्याला विचारावं लागतं.