दोन बोटांचा उजेड

त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गावच्या देवळातले बल्ब बंद ठेवतात. संध्याकाळ उतरली की दीपमाळेवर खालून वर पणत्या चढत जातात आणि अंगणात माणसांऐवजी नुसते त्यांचे हात दिसू लागतात. तेल ओतणारे, वात सारखी करणारे, वाऱ्याला आडवे धरलेले.

तिथे मी ट्रायपॉड नेत नाही. त्या दाटीत त्याचे तीन पाय कुणाच्या तरी पायांत येणारच. फ्लॅश तर नकोच; फोटोत मला अंधारही हवा असतो. पिशवीत असते ती ५० मिलिमीटरची, १.८ची इवलीशी लेन्स. फास्ट लेन्स म्हणतात तिला. ती कुठे धावत नाही. डोळा एवढा मोठा उघडते की शटरला लवकर मिटता येतं. आकडा जितका लहान, तितका हा डोळा मोठा; कॅमेऱ्यासोबत आलेली झूम त्याच जागी ५.६वर अडते. उजेडात जवळजवळ दहापटीचा फरक. झूमला जिथे १/५ सेकंद लागेल, तिथे हिला १/५० पुरतो. तेवढ्यापुरता हात सांभाळता येतो: कोपरं बरगड्यांना टेकवायची, पाठ खांबाला लावायची, अर्धा श्वास सोडून बोट दाबायचं.

पण हा उजेड फुकट मिळत नाही. दोन हातांवरच्या माणसाचा फोटो काढताना स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम दोन बोटांची उरते. स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’ या सिनेमातले (१९७५) काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात, ०.७च्या लेन्सने टिपले. तिथे नटांना जपूनच हलावं लागे. आमच्या आत्याला असं कोण सांगणार?

ती पणतीवर वाकली होती. मी तिच्या डोळ्यांवर फोकस धरला आणि बोट दाबेपर्यंत ती मागे सरली. घरी येऊन पाहतो तर नाक-डोळे पिवळ्या धुक्यात विरघळलेले, आणि खालची वात मात्र पीळ मोजता यावा इतकी लख्ख.

हळहळतच तिला फोटो दाखवला. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

“अरे, वात कशी आलीय बघ! पीळसुद्धा दिसतोय.”

त्या वाती तिने दुपार-दुपार बसून वळल्या होत्या.

“आणि तुझा चेहरा?”

“तो काय, रोजचाच आहे.”

पुढच्या त्रिपुरीला पुन्हा त्याच खांबाला पाठ लावून उभा राहिलो. आत्याने पणती उचलली, तेव्हा फोकस मी आधीच तिच्या बोटांवर आणून ठेवला होता.