चार कापणारे, पाचवा साफ करणारा

५० दात! आणि ते सगळे सारखे नाहीत! टेबल सॉचं १० इंची कॉम्बिनेशन पातं एकदा उजेडात तिरकं धरून बघा, म्हणजे मी एवढी का उड्या मारतेय ते कळेल. ओळीने चार दात दिसतात, माथा तिरपा तासलेले, एक डावीकडे उतरता, पुढचा उजवीकडे. त्यांच्या जोडीला पाचवा, सपाट माथ्याचा आणि केसभर बुटका. मग एक खोल खाच. पुन्हा चार, पुन्हा एक, पुन्हा खाच. असे दहा गट पुरे गोल फिरून येतात. मी आजवर करवतीचे दात फक्त मोजत आले. जास्त दात म्हणजे चांगलं पातं, एवढंच माझं शास्त्र, आणि डोंबिवलीतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ते शास्त्र सगळ्यांना मान्य! दात किती यापेक्षा ते कसे रचलेत याला महत्त्व आहे, हे कळलं तेव्हा दोन दिवस मी घरात दुसरं काही बोलत नव्हते.

आता हे असं का, ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

लाकडाला रेषा असतात आणि करवतीसमोर दोन अगदी वेगळी कामं येतात. रेषांच्या बाजूने जायचं म्हणजे उभं चिरणं, रेषा तोडत जायचं म्हणजे आडवं कापणं. उभं चिरताना दाताने पटाशीसारखं काम करावं लागतं. सपाट धार, पुढे झुकलेला दात, प्रत्येक दाताने लाकडाची लांबट ढलपी उचलायची आणि ती मावायला दातापुढे ऐसपैस खाच हवी. म्हणून चिरायच्या १० इंची पात्याला साधारण २४ दात पुरतात. आडवं कापताना असे दात लावले तर रेषा तुटत नाहीत, उपटल्या जातात, आणि कडेला कुसळं उभी राहतात. तिथे चाकू हवा. माथा तिरपा असलेले दात आधी चिरेच्या दोन्ही कडांवर रेषा छेदतात, मग मधला भाग निघतो. अशा पात्याला ६० ते ८० दात असतात.

आमच्या कल्याणच्या गाळ्यात अधूनमधून येणारे एक मिस्त्री आहेत, मूळचे कोकणातले. त्यांच्या पेटीत आजही दोन हातकरवती असतात, एक चिरायची आणि एक कापायची. "ताई, एकच करवत दोन्ही कामं करते म्हणणारा माणूस दोन्ही कामं वाईट करतो," असं ते म्हणायचे, आणि हातकरवतीपुरतं ते बरोबरच आहे.

पण कॉम्बिनेशन पात्याने हा प्रश्न काय गमतीने सोडवलाय! पहिले चार दात चाकूचं काम करतात. डावा, उजवा, डावा, उजवा असे चिरेच्या कडा स्वच्छ कापत जातात. तिरप्या दातांमुळे चिरेच्या तळाशी मधोमध उंचवटा राहतो, तो पाचवा सपाट दात खरवडून काढतो. तो केसभर बुटका असतो तो याचसाठी, कारण कडा त्याने मोडायच्या नसतात, त्या आधीच कापून झालेल्या असतात. आणि गटागटांमधली खोल खाच? उभं चिरताना निघणारा जाड भुसा तिच्यात मावतो आणि बाहेर फेकला जातो. दोन पात्यांची कामं एकाच चकतीवर पाळीपाळीने!

आणि ही कल्पना वीज येण्याच्या आधीची आहे. जंगलात झाडं पाडायला दोन माणसांनी ओढायच्या लांब करवती असत. त्यांच्या एका प्रकारात अगदी हीच रचना सापडते, चार कापणारे दात आणि एक खरवडणारा. म्हणजे कुणीतरी हातातल्या घट्ट्यांवरून शोधलेली गोष्ट आज कार्बाइडच्या टोकांवर बसून फिरते आहे. मिनिटाला ३,६५० फेरे घेणाऱ्या मशीनवर हे पातं लावलं तर सेकंदाला ३,००० पेक्षा जास्त दात लाकडाला लागतात, त्यातले सहाशेच्या वर ते सपाट सफाईवाले. दाताच्या टोकाचा वेग ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास जातो! हा हिशेब मी लोकलमध्ये मोबाइलवर केला आणि शेजारच्या बाईंना सांगितला. त्या नम्रपणे खिडकीबाहेर बघायला लागल्या.

हे पातं आमच्या भागाला इतकं शोभतं, त्याला कारण आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत लाकूडकाम म्हणजे सरमिसळ. सकाळी कुणाच्या तरी वन बीएचकेसाठी १९ मिलिमीटर प्लायची कपाटं, दुपारी पाडकामातून आलेल्या जुन्या सागाच्या तुळईतून देव्हाऱ्याच्या फळ्या. जुन्या चाळी आणि घरं पुनर्विकासाला गेली की त्यांचा साग बाहेर येतो. शहापूर-मुरबाडची सागाची जंगलं इथून फार लांब नाहीत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका रस्त्यावर प्लायचे सोफे आणि सागाचे पलंग शेजारी शेजारी उभे असतात. लाकडाशी कल्याणच्या खाडीची ओळख तर फारच जुनी. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि त्यानंतर लवकरच शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं इथे बांधली जाऊ लागली. जहाजाच्या फळ्या म्हणजे लांबच लांब उभं चिरणं, आणि तेव्हा ते सगळं माणसांच्या दंडावर! आज वखारीत तेच काम मशीन करतं आणि आपल्याकडे येतो तो फळ्यांचा उरलेला बारीकसारीक हिशेब. थोडं चिरा, थोडं कापा, थोडं ४५ अंशात कापा.

आणि जागा? आमच्या गाळ्यात टेबल सॉ ठेवल्यावर उरते ती जागा माणसांनी वाटून घ्यायची. दर कामाला पातं बदलायचं म्हणजे प्लग काढा, पाने शोधा, नट उलटा फिरवा, पातं टेकवायला कोपरा शोधा, पुन्हा गुण्या लावून काटकोन तपासा. इतकं कोण करतं? कुणीच नाही. म्हणून प्लायवालं ८० दाती पातं लावून जाड साग चिरला जातो, लाकूड जळतं, काळे पट्टे उठतात, मोटर कण्हते, आणि दोष सागाला!

तर मी डोंबिवलीहून स्लो लोकल पकडून मस्जिद बंदरला उतरले आणि नागदेवी स्ट्रीटवर गेले. ज्यांना हत्यारांचं वेड आहे त्यांनी या रस्त्यावर पैसे मोजून घेऊन जावं, नाहीतर परतीचं तिकीटही शिल्लक राहत नाही. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, प्लाय के लिए या सॉलिड के लिए?" मी म्हटलं, "दोनो." तो हसला आणि आतल्या फळीवरून ते गटागटाचं पातं काढून काउंटरवर ठेवलं. मग पुढचा अर्धा तास त्याने मला जे विचारलं ते माझ्या दृष्टीने पात्याहून मोलाचं होतं.

बोअर किती, म्हणजे मधलं भोक? १० इंची पात्यांत २५.४ आणि ३० मिलिमीटर अशी दोन्ही भोकं मिळतात. ३० चं पातं २५.४ च्या दांड्यावर बसवायला कडी मिळते, पण ती घट्ट आणि चांगल्या घडणीची हवी. दांडा आणि भोक यांत जरा जरी ढिलाई राहिली तरी पातं मधोमध बसत नाही, आणि मग महागड्या पात्याचाही काप खडबडीत येतो.

मग जाडी. पूर्ण जाडीच्या पात्याची चीर साधारण ३.२ मिलिमीटर पडते, बारीक पात्याची २.४ च्या आसपास. आमच्याकडे सिंगल फेजची वीज आणि १,८०० वॉटच्या घरातली मोटर, म्हणून माझं मन बारीक पात्याकडे धावलं. कमी लाकूड काढायचं, म्हणजे मोटरवर भार कमी, सागाचा भुसाही कमी! पण त्याने विचारलं, "रायव्हिंग नाइफ किती जाडीची आहे?" हा पात्याच्या मागे उभा असलेला पोलादी पत्रा. चिरलेलं लाकूड मिटून पात्याला धरू नये आणि उसळून आपल्या पोटावर येऊ नये म्हणून तो असतो. तो चिरेपेक्षा थोडा बारीक आणि पात्याच्या चकतीपेक्षा थोडा जाड हवा. चिरेपेक्षा जाड असला तर लाकूड अर्ध्यात अडतं, आणि मग लोक काय करतात? तो पत्राच काढून टाकतात! हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण पत्रा काढलेली मशीन मी किती ठिकाणी पाहिली आहेत.

शेवटी फेरे. पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. इथे एक गोष्ट रागाने लिहिते. आपल्याकडे ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून घरोघरी प्लाय कापला जातो. ते मशीन मिनिटाला १२,००० च्या घरात फेरे घेतं, दाताचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरने धावतं, आणि मागे रायव्हिंग नाइफ नावाचा प्रकारच नाही. स्वस्त आहे, हलकं आहे, सगळं मान्य. पण ते दगड-फरशी कापायला बनवलेलं यंत्र आहे.

आता पहिला काप! मिस्त्री हाताची घडी घालून उभे होते. जुन्या सागाची पाऊण इंची फळी घेतली, पातं फळीच्या वर जेमतेम दिसेल इतकंच ठेवलं आणि उभी चिरली. सरळ, काळा पट्टा नाही. तेच पातं, तीच फळी, आता आडवी. कडेला कुसळ नाही! मी बोट फिरवलं, मिस्त्रींनी बोट फिरवलं, मग त्यांनी चष्मा लावला. मग ४५ अंशातले दोन तुकडे कापून कोपरा जुळवला, आणि त्यांनी रंधा न मारताच फेविकॉलचा डबा पुढे सरकवला. माझ्यासाठी तेच प्रमाणपत्र होतं. "चांगलं आहे," एवढंच ते म्हणाले, पण जाताना पात्याचे दात पुन्हा एकदा मोजून गेले.

उत्साहात एक गोष्ट लपवायची नाही. हे पातं सगळीकडे पहिला नंबर काढत नाही. दोन इंची साग दिवसभर चिरायचा असेल तर २४ दातीच लावा. कॉम्बिनेशनने ते होतं, पण सावकाश, आणि सावकाश म्हणजे जळण्याचा धोका. सनमायका लावलेल्या प्लायला तर हे पातं मी पुरेसं मानत नाही, कडेचा टवका उडतोच. तिथे ८० दाती पातंच हवं. सनमायकासाठी अजून एक गोष्ट कळली आणि मला पुन्हा उड्या माराव्याशा वाटल्या. टेबल सॉवर दात वरून खाली लाकडात शिरतात, म्हणून चांगली बाजू वर ठेवायची. हातात धरायच्या सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली. बस, एवढंच! यावर किती कपाटांच्या कडा वाचतील!

पाडकामातला साग कापण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवायचा. आत मोडलेला एक खिळा कार्बाइडचं टोक उडवतो, आणि उडालेलं टोक कुठे जाईल ते सांगता येत नाही. खिळा नसला तरी सागात मुळातच सिलिका असते आणि ती धार खाते. म्हणून टोकांवर कार्बाइड किती जाड आहे ते विकत घेतानाच बघा. जाड टोक पुन्हा पुन्हा धार लावून घेता येतं. मात्र ती धार कानशीने लागत नाही, हिऱ्याच्या चाकावरच लावावी लागते. मिस्त्रींना ही एकच गोष्ट आवडली नाही. आपल्या करवतीला आपण धार लावायची नाही, हे त्यांना परक्याच्या हाती घर दिल्यासारखं वाटतं.

पावसाळ्यात आमच्याकडची हवा चकतीला गंज चढवते आणि लाकडाचा चीक दातांवर साचतो. चीक साचला की पातं बोथट झालंय असा भास होतो. पातं काढून कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवा, जुन्या टूथब्रशने दात घासा, कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा. निम्म्या वेळा धार लावायची गरजच नव्हती असं लक्षात येतं.

किंमत काही हजारांत जाते, आणि पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं. तरी माझं मत पक्कं झालंय. लहान गाळा, एक टेबल सॉ, सिंगल फेज आणि सरमिसळ काम असेल तर पहिलं पातं हेच घ्या, ५० दाती, चार आणि एकच्या गटांचं. सनमायकाचं ८० दाती दुसरं, आणि जाड साग खरंच येऊ लागला तर २४ दाती तिसरं. फक्त नागदेवीची लोकल पकडण्याआधी मशीनजवळ जा, रायव्हिंग नाइफवर कोरलेली जाडी आणि दांड्याचा व्यास वाचा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा.