पैसे वसूल, तेही पातेल्याच्या तळाशी!

भेटेल त्याला मी सध्या शाबू-शाबू या जपानी पदार्थाबद्दल सांगत सुटले आहे. विषय पावसाचा असो की सोन्याच्या भावाचा, दोन मिनिटांत मी तोक्योला पोचते आणि तिसऱ्या मिनिटाला हिशेब मांडून बसते. हो, हिशेबच! इतकं सुरेख जेवण आणि इतका चोख हिशेब एकाच टेबलावर मला आजवर भेटला नव्हता.

माझी भाची तोक्योत निशिकासाईला राहते. एदोगावा वॉर्डातला हा भाग आपल्या लोकांनी इतका भरलेला, की तूरडाळ कोपऱ्यावर मिळते. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले! "मावशी, इथे येऊनही वरणभातच खाणार असशील तर परतीचं तिकीट काढते," असं म्हणत तिने मला अक्षरशः ओढत बाहेर नेलं.

हॉटेल साधंच, एका साखळीतलं. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर दोन कप्प्यांचं पातेलं. एका कप्प्यात कोंबूचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाणी, दुसऱ्यात सोयादुधाचा रस्सा. समोर मांसाचे काप, इतके पातळ की आरपार उजेड दिसावा. एक काप चॉपस्टिकमध्ये धरायचा, गरम पाण्यात इकडून तिकडे फिरवायचा, गुलाबी रंग पुरता गेला की बाहेर. मग तिळाच्या दाट वाटणात नाहीतर पोंझू नावाच्या आंबटसर सॉसमध्ये बुडवून थेट तोंडात. झालं! फोडणी नाही, मसाला नाही, तेलाचा थेंब नाही, आणि तरी माझे डोळे आपोआप मिटले.

मला वाटलं, काही शतकांची परंपरा असणार. कसलं काय! हा पदार्थ १९५२ चा, ओसाकाच्या सुएहिरो हॉटेलातला. कल्पना बीजिंगच्या मेंढीच्या हॉटपॉटवरून घेतलेली, आणि नावसुद्धा सुएहिरोनेच दिलेलं. १९५५ मध्ये त्यांनी त्याचा ट्रेडमार्कही नोंदवला. माझ्या आईहून लहान पदार्थ!

आता पैशांचं. अशा ठिकाणी 'ताबेहोदाई' असतं, म्हणजे ठरलेल्या वेळात हवं तेवढं खा. वेळ साधारण नव्वद ते शंभर मिनिटं, शेवटची ऑर्डर वेळ संपण्याआधी वीस-तीस मिनिटं. सगळ्यात स्वस्त कोर्स पोर्कचा, मग बीफचा, सगळ्यात वर वाग्यूचा, म्हणजे खास जपानी जातींच्या बीफचा. आमच्या पोर्कच्या कोर्सला माणशी तीन हजार येनच्या आसपास पडले, म्हणजे सोळा-सतराशे रुपये. वाग्यूला जवळपास दुप्पट. एका टेबलावर सगळ्यांनी एकच कोर्स घ्यायचा, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तेव्हा बरोबर कुणी शाकाहारी असेल तर हिशेब तिथेच कोलमडतो. शिवाय बऱ्याच रश्शांत वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, ते आधी विचारलेलं बरं.

आपल्याला बुफेचं एकच शास्त्र माहीत: महागाचं आधी, भाजीपाला नंतर, भात तर नकोच. त्या शास्त्राने वाग्यू घ्यायला हवं, नाही का? मुळीच नाही! वाग्यूची ए-५ प्रत मिळते ती मांसातल्या चरबीच्या दाट नक्षीमुळे, आणि हीच चरबी चार-सहा कापांत माणसाला गप्प करते. अमर्याद खाण्याचे पैसे मोजायचे आणि मर्यादेत खायचं, हा कुठला व्यवहार? वाग्यूच खायचं असेल तर १८९५ पासूनच्या इमाहानसारख्या घरंदाज ठिकाणी जाऊन सुकियाकीचे, म्हणजे गोडसर सोया रश्शात शिजवलेल्या मांसाचे, मोजके काप चवीने खावेत. ताबेहोदाईत पोर्क घ्यावं. हलकं असतं, कंटाळा येत नाही, आणि त्याच्याबरोबरचा भाजीपाला तोच, तितकाच!

अहो, त्या भाजीपाल्यावर तर मी स्वतंत्र लेख लिहीन. हाकुसाई कोबी, जाड पांढरा नेगी कांदा, शेवंतीच्या कुळातला किंचित कडू शुंगिकूचा पाला, टोफू, आणि मशरूम तर किती तऱ्हेचे! जपानात भाज्या स्वस्त नाहीत हे भाचीच्या किराण्याच्या पावत्यांनी मला आधीच शिकवलं होतं. इथे ताट भरभरून घ्या, कुणी विचारत नाही. (ताटात उरवलंत तर मात्र जादा पैसे लागतील, अशी पाटी असते. रास्त आहे.)

पण खरी वसुली पुढेच. दर कापागणिक, दर पानागणिक पातेल्यातल्या पाण्यात काहीतरी उतरत राहतं. वर येणारा फेस जाळीच्या पळीने काढत राहायचा, बस. तासाभराने ते पाणी पाणी राहिलेलंच नसतं! त्यात भात घालायचा, वरून अंडं फेटून सोडायचं, नाहीतर जाड उदोन शेवया सोडायच्या. पुरणाचा कट फेकून न देता आपण त्याची आमटी करतो ना, तस्सं! दीड तासात आपण मोजलेला प्रत्येक येन त्या एका वाडग्यात एकवटलेला असतो. आणि शेजारच्या टेबलावरची पोरं मांसावर पोट फुगवून हे न चाखताच उठत होती! मला त्यांना हाताला धरून बसवावंसं वाटलं.

बिलातही दगाफटका नाही. मेन्यूवर करासकट दर, तिथला दहा टक्के उपभोग कर त्यातच. २०२१ च्या एप्रिलपासून तसा नियमच आहे. टिप द्यायची पद्धत नाही. फक्त पेयांकडे लक्ष ठेवा: बिअर कोर्सच्या बाहेरची, आणि दोन ग्लासांत पोर्क आणि बीफमधला फरक भरून निघतो. आम्हाला पाणी फुकट होतं, तेच प्यायलो.

आणि जमलं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी जा. रस्सा तोच, पातेलं तेच, दर मात्र बऱ्याच ठिकाणी कमी. भातासाठी पोटात जागा ठेवा, हे मी आत्ताच बजावून ठेवते.