भुईकोटाच्या वाटेवरील भयानक रस

सोलापुरास येणारा प्रवासी सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन लगतचा भुईकोट किल्ला दिवसाउजेडी पाहतो. मला मात्र ती वाट एका रात्रीमुळे प्रिय आहे.

१९८४ सालचा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' हा चित्रपट येथे लागला, तेव्हा आम्ही दोघे भाऊ वडिलांची दृष्टी चुकवून रात्रीच्या खेळास गेलो. अनिरुद्ध अगरवाल यांचा सामरी पडद्यावर अवतरताच पुढील रांगांत शिट्ट्यांचा व हास्याचा एकच कल्लोळ उडाला! खर्च बेताचा, धूर उदंड. भय वाटावे तरी कसे? परंतु परतताना बुरुजांच्या काळ्या आकृती दिसल्या मात्र, आमची वाचाच बसली. ज्याला हसलो, तोच पाठीशी चालत आहे असा भास होई.

दारात वडील उभे होते. हकीकत ऐकून ते म्हणाले, "भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात साक्षात् स्मशान रंगभूमीवर आणले. तुम्ही नवे ते काय पाहिलेत?" आणि चक्क हसले.

रसाभासातून हास्य उपजते, असे अभिनवगुप्ताचार्य सांगतात. हास्य ओसरल्यावर मूळ रस पुनः जागा होतो, हे मला भुईकोटाने शिकविले.

आज वडील नाहीत, भाऊही नाही. त्या वाटेने जाताना आता भय वाटत नाही. पाठीशी कोणी चालत असावे, असेच वाटते.