जुनी पत, नवे कर्ज

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) दोन तासांच्या आत संपतो. मनातून मात्र तो अद्याप गेलेला नाही. म्हणूनच त्यांच्या ‘द आयरिशमन’ची (२०१९) अमाप स्तुती वाचून मी मोठ्या अपेक्षेने बसलो. साडेतीन तास! ऑस्करची १० नामांकने, पुरस्कार एकही नाही. अर्थात पुरस्कारावरून कस ठरतो असे मी मानत नाही. खटकले ते निराळेच. संगणकाच्या साहाय्याने रॉबर्ट डी नीरो यांचा चेहरा तरुण केला आहे, परंतु दुकानदाराला लाथा मारणारे पाय सत्तरी ओलांडलेलेच दिसतात. नवख्या दिग्दर्शकाचे हे कोणी खपवून घेतले असते? कर्ज विभागात आम्ही जुन्या खातेदाराच्याही नव्या प्रस्तावाची छाननी करीत असू. समीक्षकांनी येथे केवळ नाव पाहून मंजुरी दिली.

शेवटचा भाग मात्र अस्सल. मुलगी पेगी बँकेत काउंटरवर असते. वृद्ध बाप रांगेतून पुढे येताच ती काउंटर बंद करून निघून जाते. आयुष्यभर काउंटरच्या आत बसलेला मी त्या क्षणी हललो. शेजारी सौभाग्यवती केव्हाच झोपी गेल्या होत्या.