एफ-वनची कळ आणि नियम ११

संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वरच्या ओळीत एफ-वन नावाची कळ असते. विंडोजवरील बहुतेक प्रोग्रॅममध्ये ती दाबली की त्या प्रोग्रॅमची 'हेल्प' उघडते. शासकीय कार्यालयात सर्वांत कमी वापरली जाणारी कळ कोणती, असे मला कोणी विचारले तर मी हिचेच नाव घेईन. अडलेला माणूस ती दाबत नाही. तो शेजारच्या टेबलाकडे पाहतो. असे का होते, हा प्रश्न माझ्या मते तंत्रज्ञांचा कमी आणि प्रशासनाचा अधिक आहे.

दिल्लीतील माझ्या नेमणुकीच्या काळातील एक प्रसंग सांगते. एकच पत्र सर्व राज्यांना पाठवायचे होते. तेव्हा २८ राज्ये आणि ७ केंद्रशासित प्रदेश होते, म्हणजे ३५ पत्रे. आमचे सहायक टिप्पणी आणि मसुदा लिहिण्यात निष्णात. त्यांनी एकेक पत्ता हाताने बदलत दोन दिवस घालवले. पत्ते आपोआप बदलण्याची सोय संगणकात आहे असे मी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "मैडम, वो लड़का आएगा तभी होगा." हा लड़का म्हणजे कंत्राटावरील संगणक-जाणकार. त्या सोयीचे नाव 'मेल मर्ज'. मदतीच्या पानांत सर्व माहिती होती, पण ती 'मेल मर्ज' या नावाखाली. ज्याला ते नाव ठाऊक आहे, त्याला मदतीची फारशी गरज नसते. ज्याला गरज आहे, त्याला ते नाव ठाऊक नसते.

याहून ठळक उदाहरण विंडोज एक्सपीचे. त्या प्रणालीत देवनागरीची सोय होती, पण ती आधी सुरू करावी लागे. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' असे लिहिलेल्या चौकटीत खूण करायची. बाराखडीपासून जी लिपी आपण लिहीत आलो, तिचा शोध 'जटिल लिपी' या नावाखाली घ्यावा, हे कोणा कारकुनाला सुचेल? संज्ञा तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होती. ती वाचणाऱ्याची नव्हती, इतकेच.

न मागता मदत देण्याचा प्रयोगही होऊन गेला. ऑफिस ९७ मध्ये कागदाच्या पिनेसारखा एक मदतनीस पडद्यावर येई आणि पत्राची सुरुवात करताच मध्ये बोलू लागे. लोक वैतागले. २००१ च्या आवृत्तीत तो मुळातच बंद ठेवला गेला आणि २००७ च्या आवृत्तीतून गेला. त्याच्या कितीतरी आधी आयबीएमच्या संशोधन केंद्रातील जॉन कॅरोल यांनी नवशिक्यांचे निरीक्षण करून 'द न्यूर्नबर्ग फनेल' हे पुस्तक १९९० मध्ये लिहिले होते. त्यांचे सांगणे साधे होते. माणूस पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाही. त्याला हातातले काम पुरे करायचे असते. म्हणून पुस्तिका छोटी असावी, कामावर बेतलेली असावी आणि चूक झाल्यास बाहेर कसे पडावे हे तिने सांगावे.

परप्रांतात वा परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे वेगळे सांगायला नको. गावाकडून आईवडिलांचा फोन येतो, "अरे, हे अक्षर एकदम मोठे झाले, काय करू?" तेव्हा आपणच त्यांची एफ-वन असतो. आपला पहिला प्रश्न असतो, "समोर काय दिसते आहे?" उत्तर ऐकून आपण त्यांच्याच शब्दांत पुढची पायरी सांगतो. उत्तम मदत म्हणजे नेमके हेच.

आता प्रशासनाकडे वळू. राजभाषा नियम १९७६ मधील नियम ११ सांगतो की केंद्रीय कार्यालयांच्या पुस्तिका, संहिता आणि कार्यपद्धतीविषयक साहित्य हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असावे. नियम १२ प्रमाणे त्याच्या पालनाची जबाबदारी कार्यालयाच्या प्रशासकीय प्रमुखाची आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चे कलम ४(४) नागरिकांसाठीच्या माहितीबाबत स्थानिक भाषा आणि संवादाची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यायला सांगते. मला वाटते, शासन आपल्या कामासाठी जो प्रोग्रॅम तयार करून घेते, त्याची मदतीची पाने हेदेखील कार्यपद्धतीचे साहित्यच आहे. मात्र नियमावली छापताना आपण भाषेचा विचार करतो. प्रोग्रॅम घेताना मदतीची पाने कोणी उघडूनही पाहत नाही.

यावर माझ्या सूचना अशा :

(१) निविदेतच लिहावे की मदत हिंदीत, आणि राज्यांत त्या त्या राजभाषेत, हवी. महाराष्ट्रात ती मराठीत हवी.

(२) केवळ भाषांतर नको. पहिले तीन महिने कर्मचारी जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत नोंदवावेत आणि तेच मदतीचे मथळे करावेत. 'मेल मर्ज' हे नाव राहू द्यावे, पण 'एकच पत्र अनेकांना पाठवणे' असे शोधूनही तेच पान उघडावे.

(३) मदत संगणकातच असावी. हल्ली पुष्कळ प्रोग्रॅममध्ये एफ-वन दाबल्यावर इंटरनेटवरील पान उघडते. जिथे सुरक्षेसाठी इंटरनेट दिलेले नसते, तिथे ती कळ निरुपयोगी ठरते.

(४) प्रोग्रॅम स्वीकारण्यापूर्वी एका अनुभवी कर्मचाऱ्याला कोणालाही न विचारता, केवळ मदतीच्या आधारे एक काम पुरे करायला सांगावे. तो अडला, तर पुरवठादाराने ते पान पुन्हा लिहावे.

यात खर्च फारसा नाही, आणि मुद्दा सोयीपुरताही नाही. ज्ञान एकाच माणसाकडे राहिले की त्याच्याभोवती रांग लागते. तो रजेवर गेला की फाईल थांबते, आणि फाईलच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी निवृत्तिवेतन थांबते. शिवाय वीस-तीस वर्षे नेकीने काम केलेल्या माणसाला, केवळ एक इंग्रजी शब्द ठाऊक नाही म्हणून, आपण अडाणी आहोत असे वाटू लागते. त्याला तसे वाटू न देणे हे कार्यालय-प्रमुखाचे काम आहे, आणि त्यासाठीचा नियम १९७६ पासून आपल्या हातात आहे.