मीठबंदरावरची बाटली

ओहोटीचा वास आला की खिडक्या लावून घ्यायच्या, ही सवय आम्हाला कोपरीत नेमकी केव्हा जडली हे सांगता यायचे नाही. मीठबंदर घरापासून दूर नाही. पण खाडीकडे पाठ करून राहणाऱ्यांत आम्हीही होतो.

गेल्या उपवासकाळात एका शुक्रवारी प्राणिशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या पाण्याचे नमुने घ्यायला निघाला, तेव्हा पिशवी धरायला म्हणून आम्ही बरोबर गेलो. पहाटेची ओहोटी होती. बुडबुडा राहू न देता त्याने बाटली भरली, दोन रसायने सोडली, बूच लावून ती उलटसुलट केली. "काका, पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो."

साका खाली बसला. दुधाळ, जेमतेम पिवळसर.

जवळच जाळे सांधत बसलेले वृद्ध कोळीबाबा मान वर न करता म्हणाले, "आमाला बाटली कशाला? बोय तोंड वर काढतो, तवाच समजतं."

मासेमारीच्या पाण्यात लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मानक आहे. आमच्या मनात निकाल लागून गेला होता; परंतु पुतण्याने आम्हाला दुपारच्या भरतीपर्यंत थांबवून घेतले. त्याच जागी भरलेल्या दुसऱ्या बाटलीत साका चहाच्या रंगाचा झाला! एका बाटलीची साक खरी धरायची नाही, असे तो म्हणाला. भरती-ओहोटी, उन्हाळा-पावसाळा सारे पाहावे लागते, आणि पाण्यापेक्षा चिखल अधिक बोलतो. पाणी निघून जाते, चिखलातला जीव जागेवरच राहतो. त्याने सकाळी चाळलेल्या चिखलात किडे पुष्कळ होते, जाती मात्र दोन-तीनच.

ठाण्याकडे खाडी अरुंद आणि उथळ होत जाते. ओहोटीने थोडे पुढे नेलेले पाणी भरती पुन्हा दारात आणून सोडते. पलीकडच्या तीरावर 1960 च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने उभे राहिले. आम्ही त्यांना यथेच्छ दूषणे देऊ लागलो, तेव्हा पुतण्याने शांतपणे विचारले, "आणि आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते, काका?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

रोहित पक्षी येतात म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असा आमचा एक गोड समज होता. 2015 साली येथे त्यांचे अभयारण्य जाहीर झाले, 2022 साली खाडी रामसर यादीत गेली, अभिमान वाटलाच. पण सांडपाण्याच्या खतावर माजणारे शेवाळ हे त्यांचे खाद्य, असे अभ्यासक सांगतात.

निघताना कोळीबाबांनी टोपलीभर निवट्या पुढे केल्या. आम्ही पैसे देऊन घेतल्या. घरी आल्यावर मात्र बराच वेळ गॅस पेटवण्याचे धाडस कोणी केले नाही. बाबा तर त्या रोज खातात.